पाच पेनांचं रजिस्टर

बाळांनो, "आजी, या वयात तू ऑफिसात करतेस तरी काय?" असं तुम्ही विचारता. फोनवर ते धड सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी नवी मुंबईत महापेला छोटी कंपनी चालवते. युरोपातल्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या असतात, त्यांचे अर्ज हिच्याकडे येतात. पूर्वी चार मुली ते वाचायच्या. आता एआय वाचतं, गुण देतं आणि तळाचे अर्ज परस्पर बाद करतं. त्या मुली फक्त फोन करतात.

तिकडे नवा कायदा आला. नोकरीसाठी माणसं निवडायला एआय वापरायचं असेल, तर त्याच्या निर्णयांवर माणसाची देखरेख हवी आणि तिची नोंद हवी. हॉस्पिटलवाल्यांनी कळवलं, सहा महिन्यांच्या नोंदी शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर करार बंद. हिच्याकडे नोंदी नव्हत्या, कारण देखरेखच नव्हती.

"काकू, तुमचं इंग्रजी चांगलं, अक्षर चांगलं. आणि इन्स्पेक्शनची तर तुम्हाला सवयच आहे," ती म्हणाली.

होतीच. मी रसायनांच्या कारखान्यात ऑफिसात होते. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी सुरक्षेचं रजिस्टर आम्ही एका बैठकीत भरायचो. मी पाच पेनं घेऊन बसायची, म्हणजे नोंदी वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसत. एखाद्या पानावर चहाच्या कपाचा डागही पाडायची. साहेब कौतुक करायचे. त्यात काही गैर आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. नीटनेटकं काम, एवढंच वाटायचं.

तशीच पाच पेनं घेऊन महापेला बसले. छापील तक्त्यात प्रत्येक बाद अर्जापुढे "वाचला, मान्य", मागची तारीख, माझी सही. दुसऱ्या दुपारी तिसरं पेन अडलं. ते झटकता झटकता समोरचा अर्ज वाचला गेला. दिवाळे गावची बाई, वॉर्डातला चांगला अनुभव, मग सहा वर्षं कोरी. खाली लिहिलेलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांचं सगळं घरी केलं. मशीनने फक्त खंड पाहिला.

मी मागची पानं उलटली. खंड पडलेल्या बायकाच बायका, आणि सगळ्यांपुढे माझं "मान्य". तुमचा बाबा लहान असताना मीही चार वर्षं घरी होते.

"अगं, हिने सहा वर्षं नर्सिंगच केलंय. मशीनला सांगणार कोण?"

"काकू, आत्ता टेन्शन नको ना. शुक्रवार जाऊ दे."

"मग सह्याही मशीनकडूनच घे. त्याचं अक्षर माझ्याहून बरं असेल."

ती हसली. मग कपाळाला हात लावून खाली बसली. "करार गेला तर या चौघींना काय सांगू, काकू?"

मी पाचही पेनांना टोपणं लावली. मग तिनेच तक्त्याचे कागद उचलले आणि फाडले. आम्ही एका पानाचं पत्र लिहिलं: आजवर देखरेख नव्हती, आजपासून आहे. खंडामुळे बाद झालेल्यांची यादी जोडली. पाठवल्यावर दोघींपैकी कोणीच जेवलं नाही.

सोमवारी उत्तर आलं. करार तीन महिने चालू, बाद झालेला प्रत्येक अर्ज माणसाने वाचायचा, आणि सोबत आणखी एक लांबलचक फॉर्म.

मी आधी दिवाळ्याच्या त्या बाईला फोन लावला.

"आता काय करू, मॅडम? मी लागले घनसोलीला, नर्सिंग होममध्ये. तवाच फोन कराचा ना!"

तिच्या नावापुढे तेच लिहिलं, त्या दिवसाची तारीख घालून.

आता रोज दुपारी अर्ज वाचते. चष्मा काढून डोळे चोळते, पुन्हा लावते. ढीग कमी होत नाही. तुमचा दुपारचा फोन मी उचलत नाही तो यामुळे. रविवारी करत जा.