चित्रातली सावली

माझी वहिनी आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा दादा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत ताठ बसला होता. वहिनी आत आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि सरळ मागच्या दारानं परसात गेली. परत आली ती मूठभर माती घेऊन. बाबांना म्हणाली, "इथे पाणी साचतं ना?" साचत होतं, आणि बाबांनी ही गोष्ट शेजाऱ्यांपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. दादाकडे तिनं नीट पाहिलं ते हात धुऊन, चहा झाल्यावर. "पहिला नंबर चिखलाचा लागला, माझा दुसरा," असं दादा अजून म्हणतो.

वहिनी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे बागकाम?" आणि लगेच आपल्या कुंडीतल्या गुलाबाला कीड का लागते ते विचारतो. वहिनी न चिडता किडीवर उपाय सांगते. मी असतो तर दोन शब्द सुनावले असते. इमारती सोडून शहरात जे उरतं, म्हणजे रस्ता, चौक, उतार, पाणी, झाडं आणि माणसांची बसायची जागा, ते सगळं एकमेकांच्या उरावर बसणार नाही अशा बेतानं मांडायचं, हे तिचं काम. दादा दातांचा डॉक्टर. नवरा मुळं उपटतो, बायको मुळं रुजवते, असं आमच्याकडे चालतं.

मी शहराच्या गटार खात्यात इंजिनिअर. पाण्याशी माझा व्यवहार सरळ आहे: आलं की पाइपात घालायचं आणि गावाबाहेर काढायचं. वहिनीचं म्हणणं, आलेल्या पाण्याला आधी बसायला जागा द्यावी. या एका मुद्द्यावर आम्ही जेवणाच्या टेबलावर इतकं भांडलो आहोत की एकदा आई वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांच्या भांडणात कुठंतरी पाणी मुरतंय." वहिनी म्हणाली, "मुरत नाहीये, हेच तर दुखणं आहे, आई."

हे जेवणाचं टेबल तिच्या कामात फार महत्त्वाचं. वहिनी एकटी कधी चित्र काढायला बसत नाही. टेबलावर भला मोठा ट्रेसिंग पेपर अंथरते आणि भोवती सगळ्यांना बसवते: मी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, विजेच्या तारांचा माणूस, ज्यांच्या दारात काम व्हायचंय ती मंडळी. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. मग जेवायला वाढते. तिच्या हातच्या भाजीत मीठ एक तर नसतं, नाही तर दोनदा असतं, त्यामुळे जेवताना कुणी फार बोलत नाही आणि चित्र लवकर पुढं सरकतं.

दादाचा दवाखाना ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्याची ही गोष्ट. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये काळंभोर डांबर, औषधालाही झाड नाही. उन्हाळा दरवर्षी चढत चालला होता. दुपारी डांबराला चप्पल चिकटायची, आणि दाढ दुखली तरी लोक संध्याकाळपर्यंत कळ काढायचे. पावसाळ्यात त्याच रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्या पाण्याखाली. आणि दुकानांमागची विहीर मात्र बारा महिने कोरडी.

"उन्हात भाजतो आणि पावसात बुडतो, हे दोन आजार नाहीत, भावोजी," वहिनी म्हणाली. "एकच आहे. जमिनीचं तोंड आपण डांबरानं बंद केलंय."

बेत असा ठरला: दोन्ही कडेचं डांबर पट्टा-पट्टा उखडायचं, खोल चर खणायचे, त्यांत दगड आणि माती भरून झाडं लावायची आणि दुकानांच्या छपरांवरचं पाणी त्या चरांत सोडायचं. माझे निम्मे पाइप त्यात बिनकामाचे होत होते. मी भरपूर भांडलो, हरलो, आणि मग रस्त्याचा उतार इतका झकास काढून दिला की आता कुणीही पाहुणा आला की त्याला तो दाखवायला नेतो.

अडचण दुकानदारांची होती. डांबर गेलं की दारातली गाड्या लावायची जागा जाणार. त्या सगळ्यांचे म्होरके टेलरमास्तर. रस्त्यावरचं सर्वांत जुनं दुकान त्यांचं. मास्तर हो म्हणाले की रस्ता हो म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीनं टेबलावरच्या त्या चित्राचं मोठं रंगीत चित्र केलं आणि मास्तरांच्या दुकानात आरशाशेजारी लावलं. वर दोन्ही बाजूंच्या झाडांनी हात मिळवलेले, खाली गार सावली, बाकांवर माणसं. मास्तरांच्या दारातल्या बाकावर, गळ्यात टेप टाकलेले एक म्हातारे गृहस्थ निवांत बसलेले.

मास्तर चष्मा लावून जवळ गेले. "हा मी?"

"तुम्हीच," वहिनी म्हणाली.

त्यानंतर मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याला आधी चित्रासमोर उभं करायचे. बघता बघता सगळा रस्ता तयार झाला. डांबर निघालं, चर झाले, दगडी बाक बसले. आणि मग झाडं आली.

माझ्या कमरेइतकी! पानं तर मोजून घ्यावीत इतकीच. मास्तर दुकानाबाहेर आले, त्यांनी आपल्या दारातल्या रोपाकडे पाहिलं, आत जाऊन चित्राकडे पाहिलं, परत बाहेर आले.

"बाई, हे काय?"

"झाड."

"झाड ते आतल्या चित्रात आहे. ही काडी आहे."

आता ही चूक वहिनीच्या धंद्यातलीच. ही मंडळी चित्रात झाड काढतात ते पुरतं वाढलेलं. आपापसांत सगळ्यांना ते माहीत असतं, म्हणून कुणी बोलत नाही. आमच्या टेबलावर इतकी शहाणी डोकी जमली होती, पण हे चित्र कितव्या वर्षाचं, हे सांगायचं एकालाही सुचलं नाही. दुकानदारांना वाटलं, झाडं चित्रातल्यासारखी उचलून आणून ठेवणार.

रस्ता भडकला. गाड्यांची जागा गेली, सावलीचा पत्ता नाही, आणि वर कडक उन्हाळा. तक्रार आमच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब डांबराचे भक्त. मला बोलावून म्हणाले, "शनिवारी येऊन बघतो. दुकानदारांना नको असेल तर चर बुजवून पुन्हा डांबर घालू. घोडामैदान जवळच आहे."

घरी दादा म्हणाला, "लोकांना नीट समजावून सांग ना." वहिनीनं ताट पुढं सरकवलं. "काय सांगू? मास्तर आज मला म्हणाले, बाई, मी सत्तरीला आलो. तुम्ही मला त्या बाकावर नेऊन बसवलंत. झाड वाढेपर्यंत मी असेन का?"

वहिनीला उत्तर सुचत नाहीये, असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला फार वाईट वाटलं. एरवी तिला निरुत्तर करायची संधी मी सोडत नाही.

शुक्रवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आधी, तिनं सगळ्या दुकानदारांना आणि टेबलावरच्या आम्हा मंडळींना मास्तरांच्या दुकानात बोलावलं. दुकानदार हाताची घडी घालून उभे. वहिनीनं आरशाशेजारचं चित्र उतरवून कापायच्या टेबलावर आडवं ठेवलं, पिशवीतून पांढरा कागद काढला आणि म्हणाली, "मास्तर, जरा कात्री द्या."

"कागदाला?" मास्तर केवढ्यानं दचकले! "कापडाची कात्री कागदाला लावतात होय? धार जाते." मग खणातून एक जुनाट कात्री शोधून दिली, ती पण नाखुशीनंच.

वहिनीनं कागदाचे गोल तुकडे कापले आणि चित्रातल्या प्रत्येक झाडावर एकेक चिकटवला. झाडं गेली, सावली गेली. उरला तो उघडाबोडका रस्ता, आणि रणरणत्या उन्हात बाकावर बसलेले मास्तर.

"हे आजचं चित्र," ती म्हणाली. "हे मी तुम्हाला आधी दाखवायला हवं होतं. चुकलं माझं." मग तिनं पिशवीतून पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. "झाडं मोठी होईपर्यंत सावली कशी करायची, ते मला एकटीला जमणार नाही. तुम्ही काढा."

कुणी हलेना. शेवटी चष्म्याच्या दुकानवाल्यानं पेन्सिल उचलली आणि बाकावर एक छत्री काढली. इतकी वाईट काढली की सगळे हसले, आणि हसल्यावर माणसं ताठ उभी राहत नाहीत. हार्डवेअरवाला म्हणाला, "छत्री कशाला? लोखंडी खांब रोवू आणि कापड ताणू." कॉलेजच्या बाईंनी खांबांवर वेल चढवले. कापडाला चराकडे उतार द्या म्हणजे वरचं पाणी झाडाला मिळेल, असं मी म्हणालो. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून मलाच नवल वाटलं. वहिनीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच उताराचा बाण काढला.

मास्तर मागे हात बांधून सगळं पाहत होते. हार्डवेअरवाल्यानं दोन खांबांमध्ये सरळ चौकोनी कापड काढलं, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"अहो, असं ताणलंत तर पहिल्याच वाऱ्याला मधोमध फाटेल! कड आतल्या बाजूला गोलाईत कापायची, आणि कोपऱ्यांना दुहेरी पट्टी." त्यांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि चित्रावरच आखायला सुरुवात केली. दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

शनिवारी साहेब भर दुपारी आले. अख्ख्या रस्त्यावर एकच कापड लागलं होतं, मास्तरांच्या दारात. त्याखाली बाकावर मास्तर बसले होते, गळ्यात टेप, हुबेहूब चित्रातल्यासारखे.

"या साहेब, बसा," ते सरकून म्हणाले.

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "ते डांबराचं कसं करायचं?"

"कसलं डांबर?" मास्तर म्हणाले.

विषय तिथंच संपला. उन्हाळा सरायच्या आत प्रत्येक दारात कापड लागलं. वहिनीनं एक नियम घातला: ज्या झाडाची स्वतःची सावली भर दुपारी बाकावर पडेल, त्याचं कापड उतरवायचं आणि चित्रातला त्या झाडावरचा कागद सोलायचा. झालं, दुकानदारांत चुरस लागली. लोक दुकान उघडायच्या आधी झाडाला पाणी घालू लागले. चष्मेवाल्याचं झाड पहिलं आलं. त्यानं रस्ताभर चहा पाजला आणि पुढं वर्षभर दुसरा विषय काढला नाही. पावसात पायऱ्या बुडायच्या थांबल्या. मागच्या विहिरीत पाणी दिसायला लागलं, आणि मी ते दोनदा वाकून पाहिलं, कुणी बघत नसताना.

मास्तरांचं झाड मात्र रखडलं. कारण मास्तरच. त्याला काठीशी करकचून बांधत, एखादी फांदी जरा बाहेर आली की छाटून सारखी करत. कॉलेजच्या बाई एकदा कळवळून म्हणाल्या, "मास्तर, झाड आहे ते, सदरा नव्हे! फिटिंग करू नका." मास्तर आठवडाभर रुसले, पण त्यांनी दोरी सोडली, आणि झाड सुटलं.

उतरवलेली कापडं वाया गेली नाहीत. वहिनीनं दुसऱ्या रस्त्यांची कामं घेतली, तिथल्या काड्यांवर ती लागली. आता ती दर कामाची दोन चित्रं काढते, आधी पहिल्या दिवसाचं, मग वाढलेल्या झाडांचं. टेबलाभोवती एक खुर्ची मास्तरांची असते. तिच्या भाजीबद्दल तोंडावर बोलणारे तेवढेच एक.

या उन्हाळ्यात अख्ख्या रस्त्यावर शेवटचं कापड उरलं, मास्तरांचं. झाड इतकं वाढलं होतं की फांद्यांनी कापड खालून वर ढकललं होतं. तरी मास्तर ते उतरवेनात. "अजून एक उन्हाळा राहू दे," म्हणायचे. चष्मेवाला चिडवून चिडवून दमला. शेवटी वहिनी गेली. मी सोबत होतो.

मास्तर आरशाशेजारच्या चित्रासमोर उभे होते. एकच पांढरा कागद उरला होता. "बाई," ते हळूच म्हणाले, "झाड वाढेपर्यंत मी असेन का, असं विचारलं होतं मी. आता वाढलं. आता पुढं काय?"

वहिनीचे डोळे भरून आले. पण आवाज तिचा नेहमीचाच होता. "पुढं भाजीबाजाराचा रस्ता. काड्या लावून झाल्यात. तिथली छतं कोण शिवणार? आणि हे कापड मला तिथं हवंय."

मास्तरांनी नखानं तो कागद कडेनं उचकटला आणि अलगद सोलून काढला. खालचं झाड अजून हिरवंगार होतं. बाहेर हार्डवेअरवाल्यानं शिडी लावली, कापड खाली आलं, मास्तरांनी स्वतः त्याची घडी घातली आणि ते बाकावर जाऊन बसले. आम्ही सगळे भोवती उभे.

भर दुपार होती. मास्तरांनी वर बघितलं, मग खाली बघितलं. त्यांच्या गुडघ्यावर रुपयाएवढा एक उन्हाचा ठिपका पडला होता.

"बाई," मास्तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "इथं एक भोक राहिलंय."

"पुढच्या वर्षी भरेल, मास्तर."

"भरायलाच पाहिजे," मास्तर गळ्यातला टेप नीट करत म्हणाले. "मी बघणार आहे."