ज्वारीसाठी उसनी रात्र

"ही आमची ज्वारी नाही," अमेलिया स्क्रीनवरून म्हणाली.

मी पुन्हा पाकिटाचा नंबर सांगितला. तिने तिच्या हातातल्या पाकिटावरून तो वाचून दाखवला. नंबर तोच होता.

"नंबर बरोबर आहे," ती म्हणाली. "ज्वारी चुकीची आहे."

अमेलिया मोझांबिकमध्ये पीकपैदासकार आहे, म्हणजे पिकांच्या जाती जोपासणं आणि सुधारणं हे तिचं काम. मी जर्मनीच्या पूर्व भागात, ब्रांडेनबुर्गमधल्या एका लहान जीनबँकेत काम करते. जीनबँक म्हणजे बियाण्यांचं शीतगृह. जगभरातल्या जुन्या जातींचं बी इथे थंडीत जपून ठेवलेलं असतं आणि कुणी मागितलं तर त्यातलं थोडं पाठवतात. मी मूळची बार्शीची. ज्वारीच्या मुलखातून इतक्या लांब येऊन शेवटी ज्वारीच सांभाळते, यावरून माझा नवरा मंदार दर पाहुण्यासमोर माझी चेष्टा करतो.

आदल्या वर्षी मी अमेलियाला तिच्या आईच्या जिल्ह्यातली एक जुनी जात पाठवली होती. युद्धात तिथली गावंच्या गावं उठली, लोकांनी पेरायचं बी खाल्लं आणि ती जात तिथून नाहीशी झाली. आमच्या नोंदीप्रमाणे ती फक्त आमच्याकडे उरली होती. अमेलियाने ती हौसेने पेरली आणि ऐन पावसात ती निसवली, म्हणजे तिची कणसं बाहेर आली. दाणे भिजले, त्यांना बुरशी लागली आणि सगळं काळं पडलं.

"आई सांगायची, आमची ज्वारी पाऊस संपेपर्यंत थांबते," अमेलिया म्हणाली. "हिला कसली घाई झाली होती?"

घाईचं कारण मला बसल्या जागी कळलं. ज्वारीच्या जुन्या जातींना दिवसाची लांबी कळते. दिवस लहान झाला की त्या कणीस धरतात, तोवर नुसत्या वाढत राहतात. आमच्याकडचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, असाच. आता जीनबँकेतलं बीही म्हातारं होतं. म्हणून अधूनमधून ते पेरून ताजं बी काढून घ्यावं लागतं, त्याला आम्ही रिजनरेशन म्हणतो. पूर्वी ते इथे उघड्या शेतात करत. जर्मनीतल्या उन्हाळ्यात रात्री साडेनऊलाही उजेड असतो. बहुतेक ताटं, म्हणजे ज्वारीची उभी धाटं, लहान दिवसाची वाट बघत उंच झाली आणि थंडीने मेली. ज्या दोन-चार ताटांना दिवसाची फिकीर नव्हती, तेवढीच निसवली आणि त्यांचंच बी बरणीत गेलं. असं दोन-तीनदा झालं. नंबर तोच राहिला, आतली ज्वारी बदलली. कुणी खोटेपणा केला नव्हता. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं.

मूळ बरणी शोधली तर जुन्या शीतगृहात मागच्या फळीवर सापडली. तळाशी मूठभरही दाणे नव्हते.

"पेरायचे?" माझी बॉस काट्रीन दचकलीच. "शेवटच्या दाण्यांना हात लावायचा नाही, हा आपला नियम आहे."

"मग ते ठेवायचे कशासाठी?"

"उगवले नाहीत तर?"

"बरणीत तरी अजून किती वर्षं जगतील, काट्रीन?"

तिने बरणी उजेडात धरून दाणे बघितले. "गेनाऊ, खरंय," ती म्हणाली. "अर्धे पेर. आणि हेर ब्रुक्नरना कळव. ही बरणी त्यांनी आणली होती."

हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुक्नर ऐंशीच्या पुढचे. त्याच गावात राहतात, सायकलवरून ब्रेड आणायला जाताना दिसतात. ते तरुण होते तेव्हा पूर्व जर्मनी हा वेगळा, समाजवादी देश होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांना हा देश माणसं, यंत्रं, औषधं पाठवायचा. त्याला 'सॉलिडारिटेट' म्हणत, म्हणजे खांद्याला खांदा लावून उभं राहणं. तरुण ब्रुक्नर शेतीतज्ज्ञ म्हणून मोझांबिकमधल्या एका सरकारी शेतावर गेले होते. पुढे त्यांचा स्वतःचाच देश नकाशावरून गेला. त्या सगळ्या मदतीला लोक हसू लागले. ब्रुक्नर त्यावर वाद घालत नसत. विषयच काढत नसत.

मी फोन करून त्यांना सगळं सांगितलं.

"तिथल्या एका बाईने मला ती कणसं दिली होती," ते म्हणाले. "मी तिला म्हटलं होतं, आम्ही नीट सांभाळू. लागली तर कधीही मागा, हीच परत देऊ. आल्झो, तर मग, आता मागितलीय."

मी वसंतात दाणे ओल्या कागदावर ठेवले. बहुतेक नुसतेच फुगले आणि कुजले. पाचांना कोंब आले. जगातली ती जात म्हणजे हे पाच कोंब आणि बरणीतले बाकीचे अर्धे दाणे. मी त्यांना ग्रीनहाउसमध्ये लावलं आणि दिवसातून दहा वेळा बघायला जाऊ लागले.

रोपं जोमाने वाढली. जूनमध्ये माझ्या खांद्याला लागली. इथला दिवस लहान होईपर्यंत थांबलो असतो तर ती छताला टेकली असती, आणि तोवर दाणा भरायला ऊनही उरलं नसतं. उपाय जुना आणि सोपा आहे. रोपांवर सांगाडा उभारायचा, त्यावर काळं जाड कापड सोडायचं, संध्याकाळी पाचला ते ओढून घ्यायचं आणि सकाळी सातला उघडायचं. बाहेर लख्ख ऊन असताना आत रात्र. मंदार म्हणाला, "पाळणा पण बांध आता."

अडचण होती ती फायरआबेंडची, म्हणजे काम संपवून घरी जायच्या वेळेची. आमच्याकडे साडेचारला सगळे जातात. शनिवार-रविवार तर चिटपाखरू नसतं. मला मुलीला कीटामधून, म्हणजे बालवाडीतून, आणायचं असायचं. हेर ब्रुक्नर म्हणाले, "मी ओढत जाईन पडदा, सकाळी उघडतही जाईन."

"त्यांना आत काही झालं तर?" काट्रीन म्हणाली. "इन्शुरन्स कुठाय?" तिने दोन दिवस खटपट करून त्यांना मानद सेवक करून घेतलं. मग रोज पावणेपाचला त्यांची सायकल ग्रीनहाउसच्या भिंतीला टेकू लागली.

पाच आठवडे गेले. आतापर्यंत पोटरी दिसायला हवी होती. कणीस बाहेर पडायच्या आधी ताटाच्या टोकाशी पानाच्या आवरणात फुगतं, त्याला पोटरी म्हणतात. पाचही ताटं टोकाशी सपाट. मी कापडाच्या शिवणी तपासल्या. शेजारच्या ग्रीनहाउसचे दिवे बंद करवले. आपण शेवटचे दाणे वाया घालवले, या विचाराने जेवण जाईना.

एकदा मी लॅपटॉप ऑफिसात विसरले म्हणून साडेसहाला परत आले. बाहेर चांगलं ऊन होतं. जाता जाता सहज त्या काळ्या कापडाची कड उचलून बघितलं. आत हेर ब्रुक्नर घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या पायाशी कँपिंगचा कंदील जळत होता.

मी चिडले. त्यांच्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. "हेर ब्रुक्नर! हा दिवा रोज लावता?"

"हो. बाहेर अंधार पडेपर्यंत. का?"

"यांच्यासाठी हा दिवसच आहे! तुम्ही इथे बसता तोवर यांची रात्र सुरूच होत नाही!"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वाकून दिवा मालवला. मीही आत गेले, कापड सोडलं आणि अंधारात उभी राहिले.

"तिथे संध्याकाळ नसते," थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "सूर्य बुडाला की लगेच रात्र. मग घराघरांतून कांडायचा आवाज यायचा. आमचे ट्रॅक्टर पार्ट नाहीत म्हणून उभे असायचे. आम्हाला काही काम नसायचं. मी दिवा घेऊन त्या बाईच्या अंगणात जाऊन बसायचो. ती काही बोलायची, मला अर्धं कळायचं. इथे पडदा ओढला की तेच वाटतं. म्हणून दिवा आणला."

आत दमट उबारा होता. पानं पानांना हळूच घासत होती. ओल्या मातीचा आणि हिरव्या ताटांचा गोडसर वास येत होता, आणि माझी गावाकडची सुगी माझ्याभोवती गोळा झाली. हुरड्याची आगटी, गार पडलेली ढेकळं, ज्वारीत शिरल्यावर दिसेनाशी झालेली आई आणि तिच्या बांगड्यांचा तेवढा आवाज. कापडापलीकडे जर्मनीतला उन्हाळा होता, कुणीतरी लॉन कापत होतं. आत कुठला देश होता ते सांगता आलं नसतं. ब्रुक्नर बहुतेक त्यांच्या अंगणात होते, मी माझ्या रानात, आणि ज्वारी आमच्या दोघांच्या मधे उभी. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर आले तर उजेड डोळ्यांना सहन होईना, आणि मंदारचे मिस्ड कॉल येऊन पडले होते.

त्यानंतर ब्रुक्नर बिनदिव्याचे बसू लागले. मी म्हटलं, "आत बसायची तशी गरज नाही." ते म्हणाले, "मला ठाऊक आहे," आणि बसले. मीही आठवड्यातून एखाद्या वेळी मंदारला कीटाला पाठवून आत जाऊन बसायचे. आम्ही क्वचितच बोलायचो. ऑफिसात इतकी गाढ शांतता मला कधीच मिळाली नव्हती.

ऑगस्टच्या अखेरीस मधल्या ताटाच्या टोकाशी हाताला फुगीर लागलं. मी दोनदा चाचपून बघितलं. मग काट्रीनला हाक मारली, तिनेही चाचपलं आणि आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या हसत सुटलो. पाठोपाठ बाकीचीही पोटरीत आली. एव्हाना शेंडे छताला टेकले होते, ते वाकवून दोरीने बांधले. परागकण इकडचे तिकडे जाऊ नयेत म्हणून कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या. दाणा भरताना ऊन कमी पडलं तेव्हा दिवसा दिवे लावले. एक ताट मोडलं. चार पिकली. लांब, सैलसर, एका बाजूला झुकलेली लालसर कणसं. ब्रुक्नरनी एक कणीस हातात घेतलं आणि नुसती मान हलवली.

बी वाळवलं, थोडं ठेवलं, बाकीचं अमेलियाला पाठवलं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरताना तिचा कॉल आला. मी हेर ब्रुक्नरना बोलावून घेतलं होतं. ते नवा शर्ट घालून आले होते. अमेलियाने मोबाइल शेताकडे वळवला. आभाळ मोकळं होतं, जमीन वाळत आली होती आणि ज्वारी आत्ता कुठे निसवायला लागली होती. पावसात तिने दम धरला होता. मला हुंदका आला. लपवला नाही.

ब्रुक्नरनी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. अमेलिया जरा घुटमळली.

"काय विचारलंत?" मी म्हटलं.

"गावातली माणसं खूश आहेत का, असं."

अमेलियाने मागे वळून कुणाला तरी हाक मारली. पलीकडून एका म्हातारीचा तापलेला आवाज आला, लांबलचक, मधे दम खाऊन पुन्हा सुरू. अमेलिया ओशाळली. "माफ करा. ती रागावलीय. म्हणते, आमची वस्तू द्यायला इतकी वर्षं लागतात का? कणसं देणारी तिची बहीण वाट बघत गेली."

मी चपापले. ब्रुक्नरांकडे बघायचा धीर होईना. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"आम्ही काही दिलं की तेव्हा भाषणं व्हायची," ते म्हणाले. "सगळे आभार मानायचे, फोटोसाठी उभे राहायचे. आम्हाला कुणी कधी रागावलं नाही. असं आपल्याच माणसाला रागावतात."

मग ते स्क्रीनकडे झुकले आणि त्या न दिसणाऱ्या म्हातारीची पोर्तुगीजमध्ये माफी मागू लागले. बराच वेळ मागत होते. तीही मधूनमधून सुनावत होती.

जीनबँकेत नव्याने येणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते. कुणाची ठेव परत करताना आभाराची वाट बघू नका. उशीर का झाला, याचं उत्तर तयार ठेवा.