आत्याच्या खळ्यातला माझा पंखा

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? ह्याच दोन हातांनी मी एकदा आत्याची वर्षाची नाचणी उडवून दिली! खोटं नाही. चहा घ्या आणि ऐका.

मी तेव्हा रत्नागिरीत शाळेत ड्रॉइंग मास्तर. आत्या देवरुखाकडच्या एका डोंगरी गावात. तिचे यजमान मुंबईला गिरणीत, मुलगाही त्यांच्यामागून गेलेला. घरी ती आणि तिची जाऊ. नाचणी झोडून झाली की दोघी सूप उंच धरून खळ्यात वाऱ्याची वाट बघत उभ्या! आला तर आला, नाहीतर हात भरून येईपर्यंत ताटकळायचं. मला ते बघवेना. म्हटलं, वाराच पेटीत घालून देतो.

चहाचं खोकं घेतलं. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची पाती केली, मोडक्या सायकलची साखळी लावली. वरून धान्य ओतायचं, मागे दांडा फिरवायचा. भुसा पुढच्या तोंडातून लांब उडणार, दाणा खालच्या सुपात पडणार. घरी भातावर करून पाहिलं. झकास! मग काय, पेटी सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढवली आणि निघालो.

आत्याच्या शेजारचे तात्या मुद्दाम बघायला आले होते. आत्या म्हणाली, "हे बघ बाबू, रास लागेपर्यंत खळ्यात कुणी बोलायचं नाय. बोललं की बरकत जाते. वर्षाची भाकर हाय ती आमची."

"आत्या, बोलेल तो माझा पंखा. आपण सगळे गप्प!"

जाऊबाई वरून नाचणी ओतायला लागल्या. मी पेटीच्या मागे, दांड्याशी. पुढे काय चाललंय ते मला कुठलं दिसायला? समोर उभ्या माणसांचे चेहरे आणि हात तेवढे दिसत होते.

खडखड खडखड! आत्याचे डोळे मोठे झाले. म्हटलं, थक्क झाली! तिने दोन्ही हात वरखाली हलवले. जोरात फिरव म्हणते वाटतं! मी जोर लावला. तात्यांनी कपाळावर हात मारला. अरे वा, एवढं कौतुक? आणखी जोर लावला. आत्या पदर तोंडात कोंबून जागच्या जागी उड्या मारायला लागली. आता सांगा, अशा वेळी कुठला माणूस थांबेल?

शेवटी आत्याने मला दोन्ही हात जोडले. मी काय करावं? मान लववून तिचा नमस्कार घेतला आणि फिरवत राहिलो!

मग मात्र तिला राहवेना. "अरे मेल्या, थांब! नाचणी चालली सगळी परड्यात!"

धावत पुढे गेलो. सुपात नावाला दाणा नाही. सगळी नाचणी भुशासकट घरामागच्या परड्यात, आणि तिथे तात्यांच्या कोंबड्यांची पंगत बसलेली! भात पडतं जड हो. नाचणी मोहरीएवढी. हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

"बोलले गो मी," आत्या मटकन खाली बसली. "गेली बरकत." तिचे डोळे भरून आले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोललीसच ना? मग मी पण बोलतो," असं म्हणून तात्यांनी मघापासून तोंडात धरून ठेवलेलं सगळं मला ऐकवलं. माझे डोळे, माझी अक्कल, माझं शिक्षण, काही सोडलं नाही. रडता रडता आत्याला हसू फुटलं.

कोंबड्या हाकलल्या. परडं झाडून नाचणी गोळा केली. माती, भुसा, दाणा, सगळा काला! हे निवडणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा दांड्याशी गेलो, पण हातात त्राण कुठलं? दांडा कसाबसा कुरकुरत फिरायला लागला.

आणि काय सांगू! भुसा अलगद पुढे जातोय, नाचणी सरसर सुपात पडतेय! खडे तेवढे हाताने वेचले. आत्याने मूठभर दाणे उचलून फुंकर मारली. उडायला काही उरलंच नव्हतं.

"अगो बाय! वाऱ्याशिवाय!" तिने हाका मारून सारी वाडी गोळा केली. संध्याकाळी रास लागली. कोंबड्यांच्या पोटात गेली तेवढीच कमी. आत्याचा चेहरा असा फुलला होता की मी तिथेच ठरवलं, आपण मोठे यंत्रकार!

पंखा रंगवायला म्हणून मी परत रत्नागिरीला आणला. पुढल्या सुगीला आत्याने धाडलेला वाडीतला एक गडी दारात हजर.

"आत्यानं पंखा मागितलाय. लवकर द्या."

"अरे, थांब की! कपडे भरतो, मी पण येतो."

गडी जरा घुटमळला. "नको मास्तर. पंखाच तेवढा आण, असं बजावलंय."