तुळशीची काडी

उरणजवळच्या कोळीवाड्यात लग्नाची साडी घ्यायची, तर मासळीवाल्या तुळशीला दुकानात न्यायचंच. ती पदरातला एक धागा ओढायची, काडी लावायची आणि नाक पुढं करायची. जळक्या केसांचा वास आला, तर रेशीम खरं. वितळून कडक गोळी झाली, तर म्हणायची, "शेट, याचं मासं धरायचं जालं विना. साडी कशाला म्हंता?"

तिची लेक भाविका मात्र आईचाच, तिच्या लग्नात वडलांनी घेतलेला, जपून ठेवलेला शालू नेसून लग्नाला उभी राहणार होती.

"आये, आपल्या शालूचा पन वास घेऊ गो," म्हणत भाविकानं हसत धागा पेटवला.

वास प्लास्टिकचा आला. बशीत काळी गोळी उरली. तुळशीनं ती नखानं दाबली, फुटेना. साऱ्या गावाच्या साड्या नाकारल्या, आणि स्वतः मात्र नायलॉन नेसून बोहल्यावर चढलेली.

दारात जाळं शिवणारा नवरा, सदा, मान वर करेना.

"आवो, तुमाला म्हायती व्हतं?"

"तू धागं ओढायला मागाहून शिकलीस," तो पुटपुटला.

"मी ह्योच नेसनार," भाविका म्हणाली.

तुळशीनं गोळीची बशी बाजूला सारली.

"नेस," ती म्हणाली. "पन होमापाशी पदर आवरून बस."