आप्पांच्या माणसांना मी सामान उचलू दिलं नाही

आप्पांच्या तिरडीला चौथा खांदा मी दिला.
कारण चौथा माणूस नव्हता.

आज त्याला वर्ष झालं. त्या दिवशी तिथं का कुणी नव्हतं, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझे वडील, म्हणजे आप्पा, दौंडला रेल्वेत ट्रॅकमन होते. ऊन असो, थंडी असो, आपल्या टोळीबरोबर, म्हणजे गँगबरोबर, रुळांवर. सही करण्यापुरतं नाव लिहिता यायचं. आई मी बारावीत असताना गेली. घरात आलेला प्रत्येक कागद वाचायचं काम माझं.
फॉर्म भरताना मी अजूनही तीनदा तपासते.

आप्पा रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. माझी नोकरी शिरूरला, म्हणून तिथं भाड्यानं फ्लॅट घेतला.

रेल्वे कॉलनीत एक पद्धत आहे. कुणी क्वार्टर सोडलं की त्याची गँग येते आणि सामान भरून देते. कुणी बोलवत नाही. घरच्यांनी फक्त जेवण घालायचं.

हे मला माहीत होतं. तरी मी पॅकर्स-मूव्हर्स ठरवले.
ट्रान्झिट इन्शुरन्स घेतला. वस्तूंची यादी केली. प्रत्येक वस्तूचे फोटो काढले, आधीचे ओरखडेसुद्धा लिहून ठेवले. पॉलिसीचं पान न् पान वाचलं.

सकाळी सातला किसनकाका दारात. आप्पांचे सगळ्यात जुने जोडीदार. मागे आणखी पाच जण, खांद्यावर दोरखंड, डोक्याला टॉवेल.

कंपनीची माणसं कपाटाला बबल रॅप गुंडाळत होती. काका बघतच राहिले.
"आरं, ह्या कपाटाला एवढी गादी? आमी जन्मभर रूळ उचलले, आमाला कवा कुणी चिंधी गुंडाळली न्हाई!"
सगळे हसले. आप्पा सगळ्यात मोठ्यानं.

काकांनी कपाटाखाली हात घातला.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, यांना थांबवा. बाहेरच्या माणसानं उचललं आणि काही फुटलं तर क्लेम बसत नाही. आणि यांच्या पायावर काही पडलं तर यांचा विमा आमच्याकडे नाही."

तो बरोबर बोलत होता. मी तेच वाचलं होतं. काकांची कंबर धरलेली असायची, तेही मला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "काका, हात लावू नका."

एवढंच. पुढं काही जोडलं असतं तर चाललं असतं. मी हातातल्या यादीकडे बघत राहिले.

काकांनी हात काढला.
"व्हय बाई. तुमचा कागद म्हणतोय तसं."
मला ते लहानपणापासून 'पोरी' म्हणायचे.

सहाही जण कडुलिंबाखाली जाऊन बसले. आप्पा त्यांच्यात बसायला गेले, लगेच उठले, पुन्हा दारात आले. आपल्याच घरासमोर कुठं उभं राहावं ते त्यांना कळेना.
रूळ उचलताना किसनकाका आरोळी द्यायचे आणि सगळी गँग ती झेलायची. त्या दिवशी आमचा संसार गुपचूप ट्रकमध्ये चढला.
स्वयंपाक केला होता. कुणी जेवलं नाही. "डबा हाय," म्हणाले. चहा एकदा विचारला, तोही नको म्हणाले.

वाटेत न्हावरं गाव मागं पडल्यावर आप्पा पहिल्यांदा बोलले.
"त्यास्नी च्या तरी दुसऱ्यांदा इचारायचा व्हता."

शिरूरला मी यादी घेऊन एकेक खोकं तपासलं. काही फुटलं नव्हतं. डॅमेजच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, सही केली.
खरं सांगते, मला त्या दिवशी हायसं वाटलं होतं.

नंतर आप्पा गॅलरीत बसायचे. खालून कंपन्यांच्या बस जायच्या, त्या बघायचे. बिल्डिंगमध्ये त्यांना फ्लॅटच्या नंबरावरून 'टू-नॉट-थ्रीवाले अंकल' म्हणत.
मी विचारायचे, "काकांना फोन लावून देऊ?"
"नको. काय बोलू?"
दोन-तीनदा विचारलं. मग मीही विचारायचं सोडलं.

गेल्या वर्षी याच दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

निमोण्याहून आत्या आणि तिचा मुलगा आले. बाकी घरमालक आणि शववाहिनीचा ड्रायव्हर. ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "ताई, यांचं नाव काय?"
किसनकाकांचा नंबर मी स्क्रीनवर काढला होता. कुठल्या तोंडानं बोलवू? आले नाहीत तर? असा विचार करत करत फोन बंद केला.

चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कुणाकडून तरी कळलं होतं.
"गँगमधला माणूस गेला तर आमी ड्यूटी बदलून जातो, पोरी. तू नुसतं कळवलं पण न्हाईस?"
"काका, मला वाटलं तुम्ही रागावलाय."
"रागावलो व्हतोच की! म्हून काय येनार न्हवतो व्हय?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी दौंडला गेलेले नाही. लांबच्या गावी जायचं झालं तरी एसटीनं जाते, म्हणजे दौंड स्टेशन लागत नाही.

ही पोस्ट किसनकाकांचा मुलगा वाचेल. त्याला विनंती आहे, काकांना वाचून दाखव. बाकीच्या पाच जणांनाही सांग.
काका, पॉलिसीत लिहिलं होतं ते खरं होतं. पण तुम्हाला झाडाखाली बसवून मी यादीत तोंड घातलं, ते कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. ते माझं होतं.
आणि आप्पांना शेवटचं उचलायचा तुमचा हक्क होता. तोही मीच घेतला.

शनिवारी मी कॉलनीत येतेय. सहाही घरी.
रागावलेले असाल तर रागावलेलेच भेटा.

आप्पा, तुमची माणसं तुमच्यापासून मी तोडली. तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाही.
तुम्हाला मनापासून नमस्कार. सावकाश जा.