राजाशी गप्पा, छबूशी अबोला

मालनबाईचा राग कुणी पाहिलाच नव्हता. लग्नानंतरच्या पाच वर्षांत सासऱ्यापुढं तिचा आवाज कधी चढला नाही. पण दोन हजार सोळाच्या दुष्काळात दिंद्रुडजवळच्या चारा छावणीत ती अशी कडाडली, की लोक वैरण विसरून बघत राहिले.

छावणी एका सहकारी दूध संघानं उघडलेली. नवरा पुण्याला कामाला. सासरा आश्रुबा, राजा नावाचा बैल, मालन आणि साडेतीन वर्षांची छबू, असं बिऱ्हाड तिथंच पाल ठोकून राहिलं होतं. छबू बोलत नव्हती. जिभेला वेखंड लावून झालं, मध चाटवून झाला. वैरण मोजून देणारा बंकट तिला सरळ 'मुकी' अशीच हाक मारायचा आणि आश्रुबा त्यावर हसायचा. ते हसणं मालनला झोंबायचं. पोर जन्मभर याच नावानं ओळखली जाणार, या धास्तीनं ती एक दिवस तिला घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कान ठणठणीत, जीभही. मग त्यांनी विचारलं, "घरात हिच्याशी दिवसभर कोण बोलतं?"

मालननं मनात घरातलं एकेक माणूस आठवून पाहिलं. कोणीच नाही. ती स्वतःसुद्धा नाही. छबूनं बोट दाखवायच्या आधीच ती पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि त्यालाच माया समजायची. "बोलत राहा, विचारा, आणि तिच्या उत्तरासाठी थांबा," बाईंनी बजावलं. एवढंच? एवढ्यासाठी पोरीची इतकी वर्षं वाया घालवली? एसटीत तिला स्वतःचीच चीड येत राहिली.

छावणीत पोचली, तर आश्रुबा राजाची मान खाजवत बसलेला. "काय रं राज्या, ऊन लागलं का? थांब, पाणी आणतो. काल माशांनी लई छळलं न्हाई का तुला?"

मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामा, रोज सकाळधरनं बैलाशी बोलताय. छबूशी कधी एक शब्द तरी बोललात का?"

"तिच्याशी कावून बोलू? ती कुठं बोलती?"

"आन बैल बोलतो व्हय?"

आख्खी रांग वळून बघायला लागली. मालननं छबूला उचलून त्याच्या मांडीवर बसवलं. "आजपासून जे राज्याला सांगताल ते हिला सांगायचं. न्हाईतर तुमची भाकर तुमी थापा."

आश्रुबा दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी, भाकरीच्या धाकानं म्हणा की लाजेनं, त्यानं तोंड उघडलं. "हे बघ छबे, हे उसाचं वाढं. राज्याला आवडतं. तुला काय आवडतं?" विचारून तो थांबायचा. मालनही तांब्या हातात धरून थांबायची. छबू पाय आपटायची, रडायची. कधी नुसतं "पा" निघायचं, कधी काहीच नाही. मालन मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत थांबायची. वैरणीच्या रांगेतही आता छबू रोज आजाच्या कडेवर असायची, आणि आजा रोज बंकटवर खेकसायचा, "दे की बे!"

दीड महिना असाच गेला. एका दुपारी त्यांचा नंबर आला, तर बंकट कोणाशी तरी गप्पा हाणत बसलेला. आश्रुबा तोंड उघडणार, तेवढ्यात कडेवरून आवाज आला.

"दे की बे!"

बंकटच्या हातातली पेंढी खाली पडली. आश्रुबाचे डोळे भरले. "मालन, पोरगी मोठ्या माणसाला बे म्हणाली की गं!"

"म्हणू द्या, मामा. साडेतीन वर्षांचं साठलंय तिच्यात. अजून लई ऐकायचं हाय तुमाला न् मला."