जानेवारीत आणलेला मे महिना

“याले ताप नाही आला बाप्पा. तुमालेच घाई झाली.”

हे मी दाराबाहेरून ऐकलं. आत आमच्या ऑफिसातले काका सर्व्हरच्या लोखंडी कपाटावर तळहात ठेवून उभे होते, आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. समोर आमचे सर. सर हसले आणि म्हणाले, “काका, याचं आता म्युझियम करू आपण.” ते बाहेर आले तेव्हा मी भरलेलीच बाटली पुन्हा भरत होते.

आमचं ऑफिस प्रताप नगरात. ड्रोनने काढलेले शेतांचे हजारो फोटो एकमेकांना जोडून नकाशा बनवायचा, हे आमचं काम. जोडण्याचं ओझं त्या सर्व्हरवर असे. कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेलं ते यंत्र काकांनी आणून उभं केलं होतं. ते सांभाळायला काका रोज जरीपटक्याहून स्कूटरवर येत. त्यांना ठेवलं होतं ते तेवढ्यासाठीच. सर्व्हर गेला असता तर काकांना यायचं कारण उरलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावाचून अडतं, आणि त्याच्यामुळे डोकंही उठतं. काका काही लिहून ठेवत नसत. पासवर्ड मागितला तर म्हणत, “मले विचार ना. मी मेलो का?” नकाशा अडकला म्हणून सांगायला गेलं, तर उलट तेच विचारत.

“काहून अडकला?”

“तेच तुम्हाला विचारतेय, काका.”

“आन मी तुले विचारून राहिलो.”

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझं वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार होई आणि ते मराठीत आणेपर्यंत काका जिना उतरलेले असत. मला ते ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. “बोल वं कॉन्व्हेंट. तोंडात तंबाखूचा खर्रा आहे का?” सगळे हसत. मी रोज ठरवायची, आज उत्तर द्यायचं. घरी जाताना ऑटोत मला फार चांगली उत्तरं सुचायची.

जानेवारीत सरांनी नवा लॅपटॉप घेतला. सर्व्हर आणि लॅपटॉप दोन्हींवर काम चालवून बघ आणि निकाल कागदावर दे, असं मला सांगितलं. मी सरांच्या केबिनमध्ये बसून दोघांनाही एकच नकाशा दिला. लॅपटॉपला एकवीस मिनिटं लागली, सर्व्हरला पन्नास. यात लबाडी काही नव्हती. प्रोसेसरमधले कोर म्हणजे काम करणारे हात समजा. सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर मिळून अठ्ठावीस हात, पण जुने, सावकाश. लॅपटॉपचे हात निम्मे, पण एकेक हात विलक्षण चपळ. एकच नकाशा असला की बरेचसे हात रिकामेच बसतात, आणि चपळ असतो तो जिंकतो.

काकांनी कागद लांब धरून वाचला.

“एकच नकाशा देल्ला?”

“हो.”

“थंड्या केबिनीत?”

“जानेवारी आहे काका. सगळंच थंड आहे.”

“मंग मे महिना आणा लागते.”

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा स्कूटरवर पुढे, जुन्या चादरीत बांधलेला, घरचा हीटर होता. सर्व्हरच्या खोलीचा एसी त्यांनी बंद केला, खिडकी लावली, हीटर मधोमध ठेवला. लॅपटॉप तिथेच आणवला. “हा घे मे महिना. आता चार नकाशे दे दोघाईले, एकदम. आपलं ऑफिस का एकच नकाशा करते?”

दारात गर्दी जमली. कोणी म्हणालं, “काका, पापड वाळत घालू का?” काकांनी स्वेटर काढून कपाटाच्या दाराला अडकवला. मी स्टुलावर बसून वेळा टिपत होते आणि माझे कान लाजेने हीटरपेक्षा जास्त तापले होते. पहिली पंधरा-वीस मिनिटं लॅपटॉप पुढे होता; तेवढं बघून गर्दी पांगली. मग त्याचा पंखा किंचाळायला लागला. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. तसा तो करत गेला आणि दोन नकाशे संपवून तिसरा अर्धवट असतानाच बंद पडला. सर्व्हर मात्र एका लयीत घरघरत राहिला. दोन तासांनी त्याचे चारही नकाशे तयार होते.

“तो पळते, हे मी नाई म्हनत नाही,” काका घाम पुसत म्हणाले. “दुपारच्या तीन वाजता, मे महिन्यात, चौघांचं काम अंगावर घेऊन पळते का, ते पाह्य म्हनतो.”

मी दुसरा कागद लिहिला. काकांनी तो दोनदा वाचला, पण घेतला नाही.

“तूच दे सायबाले. माझं कोन ऐकते? म्हनतील, म्हातारा आपली मशीन वाचवून राहिला. देशील ना?”

“देते,” मी म्हणाले. इतकं स्पष्ट मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

सोमवारी मीटिंग झाली. सरांनी पहिला कागद मोठ्याने वाचला. दुप्पटीहून जास्त वेग! मग कोणीतरी म्हणालं, “आणि काकांच्या हीटरचं काय झालं?” खोलीभर हशा. सरही हसत माझ्याकडे वळले. “हो, हीटरचा काय निकाल लागला?”

दुसरा कागद माझ्या वहीत होता, वहीवर माझा हात. वाक्य तयार होतं, इंग्रजीत, अगदी नीट. काका माझ्याकडे नाही, वहीकडे बघत होते.

“तसं काही खास नाही, सर,” मी म्हणाले.

काका काहीच बोलले नाहीत. याचा मला पुढे कित्येक दिवस राग आला. पंख्याच्या एका स्क्रूवरून अर्धा तास वाद घालणारा माणूस त्या दिवशी काहून गप्प बसला? एक वाक्य बोलले असते तर मी कागद काढला असता. निदान मी स्वतःला असं सांगत होते.

महिनाअखेरीस ते ऑफिस सोडून गेले. एका पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि पंखे झाडायचा ब्रश भरला. ब्रश पुन्हा काढून माझ्या टेबलावर ठेवला. “त्या लॅपटॉपाच्या पंख्यातला कचरा काढत जा वं, कॉन्व्हेंट.” एवढंच. मी मान हलवली. सर्व्हर भंगारात गेला, कपाट मात्र दारातून निघेना म्हणून राहिलं. त्यात आता प्रिंटरचे कागद असतात. काकांचा स्वेटर तिथेच लटकलेला आहे.

मग खरा मे महिना आला. एसीने मान टाकली. सरांनी मागून घेतलेले दोन धरून तीन लॅपटॉप, प्रत्येकावर चार-चार नकाशे, दुपारचे तीन. पंख्यांचा आवाज असा की फोनवर बोलता येईना. कोणीतरी एक लॅपटॉप उचलून कूलरसमोर नेऊन ठेवला. दुसरा लॅपटॉप तिसरा नकाशा अर्धवट असतानाच बंद पडला. नकाशे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि सर येरझाऱ्या घालत होते.

“नवीकोरी मशीन आहे! असं होईल हे कुणाला माहीत होतं?”

सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये शिरले. मी लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला आणि झटकन उचलला. मग ड्रॉवरमधून जानेवारीतली वही काढली. कागद जिथे ठेवला होता तिथेच होता. मी उठून उभी राहिले. या वेळी वाक्य इंग्रजीत जुळायची वाट पाहिली नाही.

“मला माहीत होतं, सर. काकांनीच दाखवलं होतं. हा कागद जानेवारीतला आहे. काही खास नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं.”